खोकल्याचं बटण

४ जानेवारी

गायकमहाशय,

तुझा मेसेज मिळाला. "लॅपटॉप गेला. नवा कोणता घेऊ? लवकर सांग." त्यात 'कशी आहेस' कुठे नाही. बरंच झालं. विचारलं असतंस तर मी घाबरले असते. म्हटलं असतं, ह्याला डॉक्टरांनी काही सांगितलंय की काय.

उत्तर पत्रानं देते आहे, त्याचं कारण ऐक. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मेसेज तू अर्धाच वाचतोस. पत्रात मध्ये बोलता येत नाही. फार तर फाडता येतं. पण वाचल्याशिवाय फाडणार नाहीस, कारण गरज तुझी आहे.

आधी जो गेला त्याच्याबद्दल. तो गेला नाही, तू घालवलास. तीन वर्षांपूर्वी मी घरातून निघाले तेव्हा तो धडधाकट होता. जाड, काळा, कोपऱ्याचा टवका उडालेला. तू त्याला म्हैस म्हणायचास आणि पाहुणे आले की टेबलाखाली ढकलायचास. त्या म्हशीवर आपण चौदा वर्षांतले निम्मे कार्यक्रम केले. तिनं एकदाच मान टाकली, आणि ती का टाकली हे आपल्या दोघांना ठाऊक आहे. आज तो विषय नको, आज माझा मूड चांगला आहे.

मी गेल्यावर तिचा पंखा कुणी साफ केला नसणार. आतली धूळ साचून पंख्यावर गोधडी होते, मग यंत्र तापतं, तापलं की मंद होतं आणि मंद झालं की आवाज फाटतो. मी आता दुरुस्तीच्या दुकानात बसते, रोज अशी पाच-सहा प्रेतं उघडते. तुझं आलं असतं तर न सांगता ओळखलं असतं. त्यात तुझ्या केसांचा फवारा सापडला असता.

तुला अजून कळलेलं नाही म्हणून पुन्हा सांगते. तुझ्या कार्यक्रमात स्टेजवर खरी माणसं तीनच असतात. तू, ड्रम वाजवणारा मौनी आणि लॅपटॉपमागे बसलेली बाई. बाकीची व्हायोलिनं, बासऱ्या, गिटारी, तुझ्या मागे 'आ आ' करणाऱ्या पोरी, सगळ्या लॅपटॉपच्या पोटात. ती बाई त्यांना वेळेवर उठवते, तुझा सूर घसरला की त्यांचा आवाज वाढवून तुला झाकते. तू मात्र कार्यक्रमाच्या शेवटी मौनीचं नाव घेतोस, हॉलच्या मालकाचं घेतोस, एकदा तर दिवे लावणाऱ्याच्या सासऱ्यांचंही घेतलं होतंस. माझ्याकडे हात करून म्हणायचास, "आणि मागे आमचा कॉम्प्युटर."

आता त्या खुर्चीत कोण बसतंय, असं विचारणारच होते, तर तुझा दुसरा मेसेज आला. "खारू बसणार आहे. तिनं कॉलेजातून वर्षभर सुट्टी घेतलीय."

म्हणजे माझ्या मुलीनं कॉलेज सोडलं हे मला लॅपटॉपच्या चौकशीतून कळावं. ठीक आहे. तिनं मला सांगितलं नाही, कारण मी ओरडले असते. मी ओरडलेच असते.

तर ऐक. चकचकीत आणि पातळ काही घ्यायचं नाही. बाकीचं पुढच्या पत्रात, कारण दुकान उघडायची वेळ झाली. तोवर कुठल्याही दुकानात पाऊल टाकू नकोस. तू एकटा दुकानात गेलास की आरसा घेऊन येतोस.

— आमचा कॉम्प्युटर


२१ जानेवारी

गायकमहाशय,

आरसाच आणलास.

आईंचा फोन आला होता. तुझ्या आईंचा. घटस्फोट आपला झाला, त्यांचा नि माझा नाही. म्हणाल्या, "अगं, त्यानं काहीतरी चांदीचं ताट आणलंय. त्यावर फळाफुलाचं चित्र उजळतं. सकाळपासून तीनदा पुसलं. स्वतःचा चष्मा कधी पुसत नाही."

मी म्हटलं, "आई, त्याला भोकं किती आहेत?"

"कशाला?"

"लॅपटॉपला. वायर लावायची भोकं."

त्या उठून बघून आल्या. ऐंशीच्या बाईला तेवढं कळतं, तुला नाही. म्हणाल्या, "दोन. दोन्ही मुंगीएवढी."

दोन भोकं. एकात चार्जर जाणार. उरलेल्या एकात कीबोर्ड, आवाजाची डबी, पायानं दाबायचा स्विच आणि गाण्यांची डिस्क, हे सगळं एका लोंबत्या जोडणीच्या भरवशावर. त्या जोडणीवर मौनीच्या ड्रमचा एक दणका बसला की तुझी व्हायोलिनं घरी जातील. शिवाय ह्या ताटाला पंखाच नाही. स्टेजवरच्या दिव्यांखाली ते तापणार, आणि तापलं की मुकाट्यानं मंद होणार. त्याची बॅटरी बदलायची तर आधी त्याचं पोट फाडायला लागतं. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घुंई आवाज येतो का, ते दुकानात तपासलंस? नाही. तू एवढंच तपासलंस, दिवा पेटल्यावर प्रेक्षकांतून फळ दिसतं का.

मी भोकांवरून ओळखलं, आणि तुला मेसेज केला की परत कर. तुझं उत्तर : "तू फार खडूस झालीस."

झाले नाही, होतेच. चौदा वर्षं तो खडूसपणा तुझ्या कामी येत होता, तेव्हा तू त्याला 'आमच्याकडे सगळं शिस्तीत असतं' म्हणायचास.

आता काय घ्यायचं ते. कचेऱ्यांत वापरतात तसलं जाड, काळं, मठ्ठ दिसणारं यंत्र. एकदा वापरून परत आलेलं असलं तरी चालेल, उलट बरंच, त्याचे आजार आधीच कळलेले असतात. मागचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडलं पाहिजे. भोकं चार तरी हवीत, आणि वायर घातली की ती घट्ट बसायला हवी, दात हलल्यासारखी हलता कामा नये. आत फिरत्या चकतीची हार्ड डिस्क नको, ठोकरीनं बिघडते. मेमरी भरपूर. पडदा चकाकणारा नको, नाहीतर खारूला गाण्यांच्या यादीऐवजी स्वतःचंच नाक दिसेल.

आणि घरी आणल्यावर लगेच नाचायचं नाही. बंद खोलीत, पंखा बंद करून, सगळा कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्यावर वाजवायचा. न थांबता. तू गायलंच पाहिजेस असं नाही. तू नसलास तर उलट यंत्राची तब्येत नीट कळेल.

असली दोन घ्यायची. एकसारखी, जुळी. एक वाजतं, दुसरं शेजारी तेच गाणं मुक्यानं वाजवत बसतं. पहिल्यानं मान टाकली की पायानं एक स्विच दाबायचा, की दुसऱ्याचा आवाज सुरू. प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. म्हशीच्या वेळी मी दुसरं मागत होते तर तू म्हणालास, "दोन कशाला, एक बायको पुरते तसं एक लॅपटॉप पुरतो." पार्टीत म्हणालास, आणि लोक हसले. तुझे सगळे विनोद लोकांसमोरच होतात.

ताट परत कर.


८ फेब्रुवारी

गायकमहाशय,

ताट परत गेलं आणि दोन काळी भावंडं घरी आली, असं आई सांगत होत्या. तू माझं ऐकलंस असा गैरसमज मी करून घेत नाही. खारूनं तुला काहीतरी सांगितलं असणार. काय सांगितलं ते मला माहीत नाही. तिनं परवा फोन केला तेव्हा एवढंच म्हणाली, "बाबांना म्हटलं, हे ताट राहिलं तर मी बसणार नाही."

तिला मी फोनवर सगळं सांगत गेले आणि तिनं दोन्ही यंत्रं एकाच संध्याकाळी तयार केली. वाद्यांच्या आवाजांचा नवा संच घ्यावा लागला, जुना म्हशीबरोबर गेला. तो इंटरनेटवरून दोघांत उतरवून घेतला, चालतो का पाहिला, आणि त्यानंतर इंटरनेटचा दरवाजा कायमचा बंद. हे पत्र तिला दे. तुला द्यायचं कारण एवढंच की तूही नियम वाचावेस, कारण ते मोडणारा घरात एकच माणूस आहे.

स्टेजचं यंत्र इंटरनेटला जोडायचं नाही. कधीच नाही. त्याला बाहेरची हवा लागली की ते स्वतःच्या मनानं अपडेट घेतं, आणि कालपर्यंत नीट चालणारं आज अनोळखी होतं. त्यावर मेल नाही, सिनेमा नाही, कुणाचे वाढदिवसाचे फोटो नाहीत. झोपी जाण्याची सोय बंद. पडद्यावर उड्या मारत येणाऱ्या सूचना बंद. एकदा सगळं जमलं की हात लावायचा नाही. रोज सुधारणा करणाऱ्या माणसाला स्टेजवर रोज नवीन चूक सापडते. महिन्यातून एकदा झाकण उघडून पंख्यावरची धूळ ब्रशनं काढायची. वायरींना रंगीत चिकटपट्ट्या लावायच्या, म्हणजे अंधारातही चुकणार नाहीत. आणि चार्जर कार्यक्रमाआधी भिंतीत लावून ठेवायचा, त्यावर पट्टी चिकटवायची. भिंतीवरचं बटण दिसलं की दाबणारे लोक असतात. तुझ्यासारखे.

आता आवाजाच्या डबीबद्दल, म्हणजे छोट्या मिक्सरबद्दल. हॉलमधला साउंडवाला तुझा आवाज बिघडवतो असं तुझं म्हणणं, म्हणून तुझा माइक आपल्याच मिक्सरमधून जातो आणि मग बाहेर. मिक्सरवर तुझ्या माइकखाली एक लाल बटण आहे. ते दाबलं की माइक बंद, दिवा लाल. पुन्हा दाबलं की चालू. खारू, हे खोकल्याचं बटण. बाबांना गाण्यांच्या मध्ये घसा खाकरायची सवय आहे आणि ते हॉलभर ऐकू जातं. खोकण्याआधी त्यांचा उजवा खांदा जरा वर जातो. खांदा दिसला की दाबायचं, खांदा खाली आला की पुन्हा दाबायचं. मी चौदा वर्षं दाबलं. त्यांना अजून वाटतं की त्यांचा घसा स्वच्छ आहे.

आणि आता तो विषय. खारू, हे वाचलंस तरी चालेल, तू तिथे होतीसच.

म्हशीनं मान टाकली तो दिवस. तिसरं गाणं संपल्यावर तू पाणी प्यायला मागे आलास आणि तुझा फोन चार्ज करायला तिच्यात खुपसलास. भर स्टेजवर. घरी लोक भिंतीत खुपसतात तसा. आवाजाच्या डबीची जोडणी तुटली, व्हायोलिनं गेली, पोरींचं 'आ आ' गेलं. तू पुढे जाऊन गायला लागलास तर मागे नुसता मौनीचा ढोल. हॉल शांत झाला. तू वळलास, माइक तोंडाशी धरलास आणि म्हणालास, "मंडळी, आमच्याकडे दोन यंत्रं आहेत. एक हे बंद पडलेलं, आणि दुसरं ह्याच्या मागे बसलेलं. दोन्हींची वॉरंटी संपलीये."

पूर्ण हॉल हसला. मीही हसले. मग वाकून तुझा फोन उपटला, सगळं पुन्हा जोडलं, आणि तुझं गाणं तुझ्या पट्टीत सुरू करून दिलं. पहिल्या रांगेत आई होत्या, त्यांच्या शेजारी सतरा वर्षांची खारू. आई रुमालात बघत होत्या. खारू माझ्याकडे बघत होती. ती हसली नव्हती.

त्यानंतर मी महिनाभर घरात होते. तुला वाटतं मी त्या विनोदामुळे गेले. विनोदामुळे कोण जातं? तू घरी आल्यावर म्हणालास, "पण वेळ कशी मारून नेली, सांग?" आणि मी सांगितलं, "छान." ते 'छान' ऐकून मी गेले.


३ मार्च

खारू काल दुकानात आली होती. तुला सांगून आली की न सांगता, ते माहीत नाही, म्हणून कळवते.

यंत्र घेऊन आली होती, पिशवीत नाही, छातीशी धरून. तिच्या जॅकेटचे खिसे लहानपणीसारखेच फुगलेले. उगाच नाही आपण तिला खारू म्हणत, खारीसारखं सगळं खिशात साठवते. मी एकेक बाहेर काढायला लावलं. चिकटपट्टी, जास्तीची वायर, छोटा टॉर्च, दोन स्क्रू, अर्धा बिस्किटाचा पुडा आणि एक जुना इअरफोन. "हे कशाला?" म्हटलं, तर म्हणाली, "असू दे."

आम्ही झाकण उघडलं. तिनं ब्रश स्वतः चालवला. पंख्याचं पातं बोटानं धरून, म्हणजे ते उलटं फिरत नाही. हे मी तिला सांगितलं नव्हतं. दुकानाच्या मालकानं चहा पाजला आणि मला विचारलं, "ही तुमची कोण?" मी म्हटलं, "ही माझ्या जागेवर आहे." म्हणायचं वेगळंच होतं.

मग ती म्हणाली, "सराव चांगला चाललाय. बाबा गातात चांगलं, आई."

"गातो," मी म्हटलं. "ते मी कधी नाकारलं नाही."

"मौनीकाका म्हणतात तुझ्यासारखी वेळ साधायला कुणाला जमत नाही."

"मौनी बोलला?"

"एवढंच बोलले. महिन्याभरात."

दोघी हसलो. मग झाकणाचे स्क्रू आवळता आवळता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "आई, बंद पडलं आणि ते माझ्यावर विनोद करायला लागले तर मी काय करू?"

मी तिला काय सांगितलं ते ऐक. "हसायचं. लोक हसले की तूही हसायचं, म्हणजे लवकर संपतं. खाली बघायचं, आणि काम करायचं."

तिनं शेवटचा स्क्रू आवळला, पेचकस जागेवर ठेवला. "बरं," म्हणाली. फक्त बरं. मला तिचं 'बरं' चांगलं ओळखता येतं. तिला सातव्या वर्षी दूध संपव म्हटलं की ती 'बरं' म्हणायची आणि ते झाडाच्या कुंडीत जायचं.

ती गेल्यावर मी कुणाचा तरी लॅपटॉप उघडला. माझ्या मुलीला मी काय शिकवलं? ब्रश कसा धरायचा ते शिकवलं, आणि अपमान कसा गिळायचा ते.

म्हणून ही अट. माझी एकच अट आहे, आणि ती यंत्राबद्दल नाही. सहा एप्रिलला मोठा हॉल आहे, तुझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा, हे आई दिवसातून दोनदा सांगतात. काही बिघडलं तर तू गप्प उभा राहायचंस. पाणी पी. मौनीकडे बघ. कॉलर नीट कर, ते तुला छान जमतं. पण वळून तिच्याबद्दल एक शब्द माइकमध्ये बोलायचा नाही. एकही. गमतीतला नाही, कौतुकातला नाही, 'आमची मुलगी आहे, सांभाळून घ्या' असाही नाही.

उत्तर पाठव. हो किंवा नाही.


५ एप्रिल

हो किंवा नाही मागितलं होतं, तू हसरं तोंड पाठवलंस. पिवळं. महिनाभर त्या तोंडाकडे बघून मी ठरवायचा प्रयत्न केला की हे हो आहे की नाही. ते नुसतं तोंड आहे. तुझ्याकडे तेवढंच असतं.

पोस्टर पाहिलं. तुझा चेहरा पाऊणभर, बाकी जागेत हॉल. खाली मुंगीच्या अक्षरांत 'ड्रम : मौनी'. त्याखाली 'तांत्रिक साहाय्य'. पुढे नाव नाही, नुसतं साहाय्य. तिनं पाहिलं असेल.

पास पाठवलास, आभार. मी येणार नाही. दुकानात काम आहे.


८ एप्रिल

गायकमहाशय,

तुझा मेसेज आला. बराच मोठा आहे, तुला एवढं लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. "तुझ्या मुलीनं भर हॉलमध्ये माझा आवाज बंद केला. हे तूच शिकवलंस." आणि खाली एक प्रश्न. प्रश्नाकडे येते.

मी आले होते. शेवटच्या रांगेच्याही मागे, बाहेर जायच्या दाराला टेकून. तुझा पास घरी ठेवला आणि दारावर तिकीट काढलं, म्हणजे तुझे उपकार नकोत.

आधी यंत्र का थांबलं ते. तू सगळ्यांना सांगत असशील की तिनं काहीतरी दाबलं. तिनं काही दाबलं नाही. माझ्या नियमानं थांबलं. तो नवा आवाजांचा संच दर दोन महिन्यांनी इंटरनेटवर जाऊन आपलं लायसन्स तपासून घेतो. जुन्याला ते लागत नव्हतं. मी शहाणी, तीन वर्षांपूर्वीचं ज्ञान उगाळत होते. कधीच जोडायचं नाही, असं ठसक्यात लिहिलं, आणि पोरीनं ते पाळलं. त्या संध्याकाळी दोन महिने भरले. पडद्यावर चौकट आली, आणि व्हायोलिनं, बासऱ्या, पोरी सगळ्या एकदम गप्प. तिनं पायानं दुसऱ्यावर घेतलं. दुसरंही त्याच संध्याकाळी तयार केलेलं, जुळं. त्यावरही तीच चौकट. दोन यंत्रं घ्या, एकसारखी घ्या, हे कुणी सांगितलं होतं? मी. दाराला टेकून मला ते सगळं एका क्षणात कळलं, आणि मी तिथून ओरडूनही काही उपयोग नव्हता.

हॉल शांत झाला. मौनीनं ढोल सोडला नाही, तेवढं एक चालू राहिलं. आणि तू वळलास.

मला तुझी पाठ दिसत नव्हती, तू प्रेक्षकांकडे अर्धं तोंड करून होतास. तीच वळण्याची पद्धत. माइक ओठांशी. आणि तुझा उजवा खांदा वर गेला.

चौदा वर्षं मी तो खांदा बघत होते. खोकल्याआधी वर जातो, हे मला माहीत होतं. विनोदाआधीही तोच खांदा तसाच वर जातो, हे मला एकदाही दिसलं नाही. तिला पहिल्याच वेळी दिसलं.

तुझे ओठ हलले. हॉलला काही ऐकू आलं नाही. तू माइकवर टकटक केलंस. वरती बघितलंस, साउंडवाल्याच्या खोलीकडे, हात केलास. मिक्सरवर एक लाल ठिपका पेटलेला मला शेवटच्या रांगेतून दिसत होता. तू पुन्हा काहीतरी म्हणालास, लांबलचक, हातवारे करून, आणि पहिल्या रांगेत आई टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांनी फोनवर सांगितलं, "मला वाटलं मूकाभिनय आहे. चांगला करत होता." त्यांचं बघून बाजूचे वाजवायला लागले, मग सगळा हॉल मौनीच्या ढोलाबरोबर टाळ्या देत होता. तू मध्ये उभा, तोंड उघडं.

तोवर तिनं खिशातून फोन काढला, फोनचं इंटरनेट यंत्राला जोडलं, माझ्या नियमाच्या उरावर बसून, आणि चौकट गेली. मान खाली घालून नाही केलं. ताठ बसून, लोकांकडे बघत केलं. मग व्हायोलिनं परत आली, अगदी मौनीच्या मात्रेवर. मग तिनं तुझ्याकडे बघितलं, बोट वर केलं, की आता गा. आणि लाल ठिपका विझला.

तू गायलास. चांगलं गायलास, रागानं. तो तुझा सगळ्यात चांगला कार्यक्रम होता, हे मला लिहायला आवडत नाही, पण मी खडूस आहे, खोटारडी नाही.

मागच्या दारानं ती बाहेर आली तेव्हा खिसे रिकामे होते, सगळं वापरलं होतं. मला बघून थांबली. "तू आलीस."

"दुकान लवकर बंद केलं."

"यंत्र माझ्यामुळे नाही बंद पडलं, आई."

"माहीत आहे. माझ्यामुळे पडलं." मी सांगितलं. ती हसली, पहिल्यांदा माझ्या चुकीवर हसली. मी विचारलं, "आणि बाबांचा माइक?"

"तू सांगितलं होतंस ना," ती म्हणाली. "खांदा वर गेला की दाबायचं. मला वाटलं खोकला येतोय."

तुझा आवाज चौदा वर्षं माझ्या बोटाखालून जात होता. त्या दिवशीही जात होता, वॉरंटीच्या दिवशी. माझं बोट बटणापासून वीतभर अंतरावर होतं. ते बटण मी तुझा खोकला झाकायला वापरलं, आणि दुसऱ्या कशासाठी वापरता येईल हे मनातही आलं नाही. मी तिला हे शिकवलं नाही. हे मला येतच नव्हतं.

आता तुझा प्रश्न. "माइक बंद करायचं बटण माझ्याकडे ठेवता येईल असं काही असतं का?"

असतं. पायाखाली ठेवायचा छोटा स्विच मिळतो. त्याची वायर माइक आणि मिक्सरच्या मध्ये जाते, आणि मग मागे बसलेल्या बाईला तुझा आवाज तुझ्या मर्जीशिवाय बंद करता येत नाही. बाजारात तीन-चार प्रकारचे आहेत. दोन टाकाऊ, एक बरा, आणि एक उत्तम, कधीच बिघडत नाही.

कोणता, ते मला माहीत आहे.